पागोट्याच्या जागी खांब

खामगाव, माघ वद्य पंचमी

तीर्थरूप बाबाले निवृत्तीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी खुशाल आहे. पटाशीनं आंगठ्याले लागलं होतं, ते भरून आलं. मायले सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

शाळेमांगचं मैदान आता वळखू येत नाही. फुटबॉल, कुस्त्या, ढोरायचं प्रदर्शन, सारं तिथंच भरते, म्हनून भवताल दगडी पायऱ्या बांधून राह्यले. गोलाचे लाकडी खांब घडवायचं काम माझ्याकडं आहे.

मी तिथं शिकत होतो तेव्हा खांब नव्हते. तुमी मले भेटाले आलते, अन गोलाची खूण म्हनून आपलं पागोटं काढून देलं. चेंडूमांगं धावता धावता आमी ते चिखलात तुडवलं. पोरं हासली, मी बी हासलो. तुमी बोडक्या डोक्यानं गावाकडं निघाले. बोडकं डोकं म्हंजे सुतक, म्हनून वाटेत लोकं पुसत, "घरचं कोन गेलं?" हे मायनं सांगतलं, तुमी कधीच बोलले नाही.

काल त्याच जागी खांब रोवला. खड्डा खंदायच्या आधी माझं पागोटं तिथं ठेवलं. सोबतचे सुतार हासले, तेव्हा तुमचं तोंड डोळ्यापुढं आलं.

पायऱ्या पुऱ्या झाल्या की खेळ पाहाले या. पागोटं डोक्यावरच राहू द्या.

तुमचा,
निवृत्ती