नेरच्या घरामागचं झाड

दारव्हा, ५ डिसेंबर २०२५

चि. अनघास अनेक उत्तम आशीर्वाद.

वर्ष सरत आलं, म्हणून शिरस्त्याप्रमाणे हे पत्र. निवडणुकीआधी एक उमेदवार दाराशी येऊन तुझ्या आईच्या पाया पडला. आता चौकात दिसला की मोबाइलमध्ये तोंड खुपसतो. प्रचाराच्या गाडीवरचा त्याचा आवाजही म्हणे यंत्रानं बनवलेला होता. शेजारच्या फुलचंदच्या मुलाची लग्नपत्रिका मोबाइलवर आली. तीत फुलचंदचे स्वर्गवासी वडील हात जोडून आग्रहाचं आमंत्रण देतात. जिवंतपणी त्या माणसानं कुणापुढे हात जोडले नव्हते.

खरं काय नि बनावट काय, कळेनासं झालंय. त्यामुळे तुझं दिवाळीचं छापील पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पण माझ्याच मुलीला 'आशीर्वाद' कधी धड लिहिता आला नाही. 'शी'ला तुझी पहिली वेलांटी ठरलेली. या पत्रात चक्क दुसरी! यंत्राकडून लिहून घेतलंस का? तसं असेल तर पत्रव्यवहार बंद करू. यंत्राला खुशाली कळवायची मला हौस नाही.

घरातही सगळं आलबेल नाही. मी गॅस बंद केला की तुझी आई मागून जाऊन बघते. माझ्यावर पाळत कशासाठी, ते सांगत नाही.

असो. नेरच्या घरामागचं बोराचं झाड आठवतं का तुला? उत्तर हातानं लिही.

लोभ आहे, संशयही आहे.
तुझा बाबा, नीळकंठ


पुणे, ११ डिसेंबर

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

घ्या, हातानं लिहिलं! ती वेलांटी मोबाइलनं परस्पर सुधारली, मजकूर माझाच होता. तुमच्या जावयांचं सांगते. नव्या वर्षात जेवताना मोबाइल बघायचा नाही, असा सलीलनं संकल्प केलाय. तो त्यानं जेवता जेवता मोबाइलवर जाहीर केला.

झाड कसं विसरेन? तिसरीत होते. बोरं वेचताना टाचेत काटा मोडला. तुम्ही पिनेनं तो काढलात, वर बिब्ब्याचा चटका दिलात. रडले मी, पण डोळे तुम्हीही पुसत होता.

३१ तारखेला आम्ही दोघं येतो. आईला सांगा, तुरीच्या सोल्यांची आमटी हवी.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची अनघा


दारव्हा, १७ डिसेंबर

चि. अनघास आशीर्वाद.

सापडलीस. नेरच्या घरामागे बोराचं झाड कधी नव्हतंच. ती मी रचलेली थाप होती. खरी अनघा असती तर कुठलं झाड म्हणून हसली असती. यंत्रानं लगेच मान डोलावली, वर काटा आणि बिब्बाही पुरवला. तो मजकूर तू हातानं उतरवून काढलास, इतकंच. वाचताना क्षणभर मलाही खरं वाटलं, याचाच जास्त राग आला. वाईटही फार वाटलं, पोरी. मी वाट बघतो ती तुझ्या शब्दांची.

एक गंमत तुला सांगायचीच राहिली. फुलचंदच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत फुलचंदचे स्वर्गवासी वडील हात जोडून आमंत्रण देतात! जिवंतपणी त्या माणसानं कुणापुढे हात जोडले नव्हते.

हे माझं शेवटचं पत्र समज.

लोभाचं काय ते तूच ठरव.
नीळकंठ


दारव्हा, २२ डिसेंबर

चि. अनघा, अ. उ. आ.

तू फोनवर विचारलं, पण मी बोलले की हे दाराआड कान देऊन उभे राहतात. म्हणून लिहिते. झाड होतं, बाई. विहिरीकडच्या कोपऱ्यात. तुझ्या टाचेवरचा बिब्ब्याचा डाग यांच्याच हातचा आहे. त्या रात्री हे जेवले नव्हते.

दसऱ्यापासून असंच चालू आहे. तेच ते पुन्हा सांगतात, गॅस चालूच ठेवतात. काही म्हटलं की मले काही झालं नाही म्हणून अंगावर येतात. काहून असं होऊन राह्यलं, मले समजत नाही. भीती वाटते. जानेवारीत तू इथं असतानाच यवतमाळच्या डॉक्टरांकडे नेऊ. आजच काही बोलू नको, फार खचतील. आणि इकडे आलीस की पायात मोजे घालून राहा. थंडी आहे, कोणी विचारणार नाही.

सुखरूप या.
तुझी आई


पुणे, २६ डिसेंबर

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

पकडलंत! मराठीच्या सरांना फसवायला गेले नि तोंडावर पडले. झाड नव्हतंच. कामाच्या घाईत यंत्राला लिहायला सांगितलं, त्यानं काटा रचला, बिब्बा रचला, आणि मी न बघता उतरवून काढलं. पुन्हा असं करणार नाही. तुम्ही मात्र लिहिणं थांबवू नका, बाबा. तुमचं पत्र आलं नाही तर मला चैन पडत नाही.

फुलचंदकाकांच्या वडिलांची गंमत वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो. बरं झालं आठवणीनं कळवलंत.

३१ला येतोय. यंदा पाय फार गार पडतात, तेव्हा मी घरातही मोजे घालूनच वावरेन. रागावू नका.

नव्या वर्षासाठी तुमचे भरपूर आशिर्वाद हवेत.
तुमचीच, अनघा