अकरा नंबरची घंटा

सोमवार, ३
नवी नोकरी, नवं टेबल, आणि खिडकी चक्क उघडते! पंधरा वर्षं वर्ग शिकवून घसा बसला होता, आता त्याला सुट्टी. संस्थेची सात रुग्णालयं आहेत. नर्सिंगच्या मुलामुलींना वॉर्डात पाऊल टाकण्याआधी नियम शिकवतात: हात कसे धुवायचे, आग लागली तर कुठून पळायचं, पेशंटची गोष्ट बाहेर का बोलायची नाही. आजवर सात ठिकाणी सात तऱ्हा. मी त्यांचा मिळून एकच ऑनलाइन पाठ करायचा. तो पुरा केल्याशिवाय कुणालाही ओळखपत्र नाही. माझी लेकही पहिल्या वर्षाला आहे, एकोणतीस तारखेला तिची वॉर्डातली पहिली पाळी. तिला सांगितलं तर म्हणाली, घरात तुझे नियम कमी पडत होते का!

शुक्रवार, ७
सातही फायली वाचल्या. हात धुवायला कुठे वीस सेकंद, कुठे तीस, एके ठिकाणी नुसतंच ‘पुरेसा वेळ’. हसू आवरेना. सगळ्यात धाकट्या रुग्णालयाची फाइल हातानं लिहिलेली. त्यात एका नियमाखाली दोनदा रेघ: ‘दहा आणि बारा नंबरच्या खाटांमध्ये भिंत आहे. अकरा नंबरची घंटा वाजली तर “आले” म्हणू नये.’ का म्हणू नये, ते लिहिलेलं नाही. बाकी सहा ठिकाणी असलं काही नाही, आणि जे सातही ठिकाणी लागू नाही ते पाठात घ्यायचं नाही असं ठरलंय. काढून टाकलं.

बुधवार, १२
त्या धाकट्या रुग्णालयात जाऊन आले. सरावासाठी घंटेचा खरा आवाज हवा होता, तो संगणकवाल्यानं टिपून घेतला. भिंत खरंच आहे, जेमतेम एका खाटेएवढी. आता सरावात कुठली खाट दाखवायची? पेशंटची दाखवली तर गुप्ततेचा नियम मोडतो. मग जी खाटच नाही ती बरी: अकरा नंबर! माझी मीच पाठ थोपटली. घंटा वाजते, अकराचा दिवा लागतो, ‘आले/आलो’ हे बटण दाबायचं. दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. न वाचता पुढे पळणाऱ्यांना ही मात्रा. तपासताना मीच शंभरेकदा दाबलं असेल.

सोमवार, २४
पाठ सुरू झाला. पहिल्याच दिवशी सगळ्या चारशे बारा जणांनी पुरा केला. लेकीनं जेवता जेवता उरकला. तीन मुलींची तक्रार आली, पाठ बंद केला तरी घंटा वाजत राहते म्हणून. संगणकवाला म्हणतो, त्याच्या बाजूनं सगळं ठीक आहे. उद्या बघू.

बुधवार, २६
तक्रारी साठावर गेल्या. कुणाला घरी ऐकू येते, कुणाला बसमध्ये. दुपारी धाकट्या रुग्णालयातून थोरल्या सिस्टरांचा फोन. वॉर्डात पाच मुली भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. एकही त्यांच्या रुग्णालयाची नाही. एकीचा हात कोपरापर्यंत भिंतीत गेला होता. त्यांनी तो ओढून काढला. थंडगार होता म्हणाल्या. मला वाटलं, बाईंचं वय झालंय. असं वाटल्याची आता लाज वाटते.

गुरुवार, २७
सिस्टरांना भेटले. मुलीचा हात पाहिला, कोपरापर्यंत पांढरा. त्यांनी सांगितलं, भिंतीच्या जागी पूर्वी अकरा नंबरची खाट होती, तीवर एक आजी. आजींनी घंटा वाजवली, सिस्टर तेव्हा पहिल्या वर्षाला. दारातूनच ‘आले हं, आजी’ म्हणाल्या आणि दुसऱ्या कामात अडकल्या. परत आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. घंटा मात्र थांबली नाही. खाट काढली, भिंत घातली, तरी नाही. आजी रागावलेल्या नाहीत, नुसती वाट बघतात. जो ‘आले’ म्हणेल त्याची. लाज वाटली म्हणून सिस्टरांनी नियमात कारण लिहिलं नाही.
मग त्यांनी विचारलं, किती जणांनी म्हटलंय? चारशे बारा. त्यात माझी लेक.

शुक्रवार, २८
पाठ बंद करवला. घंटा चालूच. आता मलाही ऐकू येते.
लेक जेवताना मधेच मान वर करते. म्हणाली, आई, कुणीतरी बोलावतंय, जायला नको का?
मीच शिकवलं तसं.

शनिवार, २९. सकाळ
तिला पाळीवर पाठवलं नाही. खोलीला बाहेरून कुलूप घातलं. किल्ली माझ्या मुठीत.

दुपार
कुलूप तसंच. खोली रिकामी. चपला दाराशी.

वॉर्डाबाहेर, बाकावर
ती भिंतीपाशी आहे. हात मनगटापर्यंत आत. सिस्टरांनी कमरेला मिठी घालून धरलंय. मी हाका मारल्या. वळत नाही —
सिस्टर म्हणतात, आजींना एकच माणूस पुरे. खरोखर येऊन बसणारं. त्या स्वतः कितीदा गेल्या. भिंत उघडली नाही. उशिरा आलेल्याला उघडत नाही.
मी शंभर वेळा म्हटलंय. अजून उशीर झालेला नाही —
आता कोपरापर्यंत.
वही इथेच ठेवते. बाळा, वाचशील ना? मला फार भीती वाटतेय, पण तुझा हात तसा बघवत नाही. तुझ्याऐवजी मीच आत जाते. तो नियम पाठात परत घालायला लाव. सातही ठिकाणी. कारणासकट. आणि कुणाला ‘आले’ म्हणायचं असेल तर त्याआधी उठून चालू लागायचं —