मिरगी नव्हे, चक्कर

मोताळा, ३ डिसें.
नागपुरात पंधरा दिवस चक्करचं निदान शिकून आलो. आता तालुक्यातल्या पाच डॉक्टरांना मीच शिकवायचं, वरून हुकूम. शिकवणार काय, कपाळ! कूस बदलली, मान वर केली की गरगरतं, तो दोष कानातला, हे मलाच कुठं ठाऊक होतं? गरगरतं म्हणून आलेल्या सुमनच्या कागदावर 'मिरगी असावी' असं मीच लिहिलं ना. धामणगावला सासरच्यांनी तिला वहाण हुंगवली, मग माहेरी आणून टाकली. नवऱ्याले दुसरी पाहून राह्यले म्हणे.

८ डिसें.
सुमनला दवाखान्यात बोलावलं. पाचही डॉक्टर हजर. टेबलावर बसवली, मान उजवीकडे, झटकन आडवी, डोकं कडेबाहेर. दोष कानात असेल तर आता बुबुळं थरथरायला हवीत. दिसतील तर शपथ! इतके परके पुरुष, हिनं डोळे गच्च मिटलेले. "उघड बाई" म्हटलं की आणखीच मिटते. एक म्हातारे डॉक्टर हसले, "नागपूरची विद्या नागपूरलेच राह्यली वाट्टे." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ डिसें.
नर्स सिंधूबाईंनी झापलं. "साहेब, बाई तुमच्या तोंडाकडे पाहील काय? मले शिकवा." शिकवलं. सुमनचं डोकं त्यांनी हातात धरलं. "माह्या नाकातली चमकी पाह्य बरं." चार-पाच सेकंद काही नाही, अन् मग बुबुळं थरथरायला लागली! एकेका डॉक्टरला हळूच बोलावून दाखवलं. म्हातारे म्हणाले, "अशा किती बायांले मी नुसत्या ताकदीच्या गोळ्या देल्या हो." मला इतकं हायसं वाटलं की कंपाउंडरला मिठीच मारली.
उपाय: सकाळ-संध्याकाळ तसंच झोपणं-उठणं. सुई नाही, गोळी नाही. तिच्या बापाला पटेना.

१९ डिसें.
सुमन आली. "आता वर पाह्यलं तरी काही होत नाही!" जुन्या नोंदीवर रेघ मारली, सही केली. 'मिरगी नाही' असा नवा कागद धामणगावला पोस्टानं.

२६ डिसें.
सुमनच्या सासूबाई स्वतःच आल्या. कागद आपटला. "काऊन भरोसा ठेवू?" म्हटलं, आधीचं चुकीचं मीच लिहिलं, शिव्या मला द्या. दिल्या. भरपूर दिल्या. सिंधूबाई त्यांना आत घेऊन गेल्या, टेबल दाखवायला. मग आतून सासूबाईंचाच हळू आवाज, "बाई, असं तं मलेबी होते. मधून मधून, मी नवी सून होती तवापासून. सांगतलं असतं तं मलेबी माहेरी धाडलं असतं."
सुमनला नेणार का, ते बोलल्या नाहीत. उद्या सकाळी दोघींना एकदमच बोलावलंय.