नदीकडची भिंत

बाबा,

आज दुपारी मोटर घटकाभर थांबवून मी विहिरीत उतरलो. गुडघे नको म्हणत होते. तुम्ही करीत असा त्याप्रमाणे चुलीतली राख चारी भिंतींना फासली आणि वर येऊन बसलो. चहा संपेपर्यंत नदीकडच्या भिंतीवरची राख भिजून काळी पडली होती. वरच्या तळ्याकडची, बोडीकडची, पांढरीच राहिली.

पाणी कोणत्या बाजूने येते ते राखेवरून ओळखण्याची तुमची ही रीत लहानपणी मला खेळ वाटे. साध्या उन्हाळ्यात बोडीकडची भिंत आधी भिजायची. बोडीत मुरलेले पाणी शेताखालून आपल्या विहिरीत येते आणि उरलेले तसेच झिरपत जाऊन चुलबंद नदीला मिळते, म्हणून वैशाखातही डोह भरलेला असतो, हे तुम्ही काठावर बसवून मला समजावले होते. बोडी आटली की मात्र सारे उलटे होई. नदीच मातीतून विहिरीकडे सरकू लागे. त्या दिवशी तुम्ही मोट उतरवीत असा आणि दोर निंबावर टांगीत असा. वांग्यांची वाडी डोळ्यांदेखत वाळली, तरी तो दोर पावसापर्यंत खाली येत नसे.

मी शिक्षक झालो त्याच वर्षी दुष्काळ पडून बोडी आटली. पहिल्या पगाराच्या गुर्मीत भाड्याचे इंजिन आणून उन्हाळी धान लावले होते. तुम्ही विहिरीतून वर आलात, हातांना ओली राख होती.

"बंद कर इंजिन. हे पानी आपलं नोहे. नदीले ओढून राहिलास तू."

"विहीर आपली आहे, मग पाणी कोणाचे?"

"खाली डोहात बाया पान्यासाठी रेतीत झिरे खोदून राहिल्या. त्याहिनं काय प्यावं?"

मी चार मजुरांदेखत म्हणालो, "बाबा, पानी नव्हे, पाणी. आधी शब्द तरी नीट उच्चारा." मजूर हसले. तुम्हीही किंचित हसलात, हात धोतराला पुसलेत आणि घराकडे चालू लागलात. विहिरीविषयी पुन्हा माझ्याशी एक शब्दही बोलला नाहीत. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. धान उत्तम पिकले होते.

तेव्हापासून, बोडी आटलेल्या प्रत्येक उन्हाळ्यात मी मोटर सुरू केली की माझ्या पाठीमागून कोणीतरी अनवाणी घराकडे चालत जाते. मी वळून पाहत नाही. पावलांची गती मला ओळखता येते.

यंदा होळीलाच बोडीला भेगा पडल्या. डोहाच्या रेतीत बाया कमरेइतके खोल झिरे खणत आहेत. काल खालच्या टोलीवरच्या वस्तीतली म्हातारी पाण्याचा रिकामा गुंड घेऊन बांधावर आली. माझ्याच वयाची आहे; तुम्ही तिला चांगले ओळखत होता.

"का जी गुरुजी, तुमची मोटर धो-धो ओकून राहिली, अन् आमच्या झिऱ्यात वाटीभर नाही. काहून जी?"

"यंदा पाऊसच कमी झाला."

"मंग तुमच्या वावरात का येगळा पडला होता?" ती बोळक्या तोंडाने खळखळून हसली. माझ्याच पाइपाखाली तिने गुंड भरून घेतला, डोक्यावर ठेवला आणि जाताना म्हणाली, "भलं होवो जी तुमचं." शिवी दिली असती, तर मी तिला चार शब्द सुनावू शकलो असतो.

तुम्ही चुकला होता, हे पाहण्यासाठीच मी आज विहिरीत उतरलो होतो. तुम्ही चुकला नव्हता. मी वर आलो, काळी पडलेली राख पुरेसा वेळ पाहिली आणि मोटर पुन्हा सुरू केली. धान दुधावर आले आहे. त्याला आणखी पंधरा दिवस पाणी लागेल. या पंधरा दिवसांत झिऱ्यांचे काय होईल, हे मला ठाऊक आहे.

लिहायला बसताना वाटले होते, पत्र संपले की उठून मोटर बंद करीन. लिहिण्यासारखे सारे लिहून झाले आहे. आता मी मागची वाक्ये पुन्हा पुन्हा तपासत बसलो आहे.