चौथा भाग, पाचवा भाग आणि बोदवडचं स्थळ

अमळनेर, ता. ६ जुलै २०२४

चि. किरण हिस,
अ. उ. आशीर्वाद.

फोनवर आपण दुसऱ्या मिनिटाला भांडतो, म्हणून पत्र लिहितो. पेन्शनच्या कागदांसाठी तुझा जुना लॅपटॉप ठेवून घेतला, त्यात तुझा तो राज्य उभारायचा खेळ निघाला. चौथा, पाचवा आणि सहावा, तिन्ही भाग. एक चाल आपली, एक समोरच्याची, घाई नाही. निवृत्त तलाठ्याला असा खेळ मानवतो. तिन्हींची पाहणी केली.

चौथ्यात एका चौकोनात वीस पलटणी उभ्या राहतात, वऱ्हाडाच्या टेम्पोसारख्या. पाचव्यात षटकोन आले आणि एका षटकोनात एकच पलटण. हे मला आवडलं. एकच नाव असलेला सातबारा मला तीस वर्षांत क्वचितच दिसला. सहाव्यात शहर शेजारच्या शेतांत पसरतं आणि बिनशेतीची परवानगी कोणी मागतच नाही. तो भाग मी बंद केला.

तुझी आई म्हणते, बठ्ठं जग जिकं, पन गॅसवरलं दूध उतू गयं.

आणखी एक. बोदवडचं स्थळ आहे. मुलगा तेजस, बँकेत आहे. चेहरा बरा ठेवून ये.

आशीर्वाद आहेतच, दूध मात्र नाही.
आबा

धुळे, ता. १२ जुलै

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हसले, मग राग आला. मी बारावीत असताना याच खेळाची सीडी तुम्ही गुडघ्यावर मोडली होती. आता तुम्ही मला त्याचे भाग समजावता.

पाचवा तुम्हाला आवडणारच. त्यात चार शहरांपुढे गेलं की प्रजा कुरकुरते, म्हणून राजा घरी बसून राहतो. सहावा निदान शहर कुठे वाढवायचं याचा विचार करायला लावतो. पण खरा चौथाच. बेसावध राहिलात की शेजारी वीस पलटणी घेऊन दारात हजर. पाचव्यात त्या रस्त्यातच एकमेकींमुळे अडतात, बसस्थानकावर एसटी अडते तशा.

तेजस नको. एकतीस वर्षांची आहे, कॉलेजात शिकवते, मला लग्न करायचं नाही. हे तिसऱ्यांदा सांगून झालं. म्हणून चौथ्या भागात डाव मांडू. रोज एक चाल, फाइल मेलने पाठवायची. मी जिंकले तर स्थळं बंद. तुम्ही जिंकलात तर मी तेजससमोर बसेन, चेहरा बरा ठेवून.

लोभ आहे तेवढा राहू द्या, स्थळं कमी करा.
किरण

धुळे, ता. ५ नोव्हेंबर

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल राजधानी पडली. अभिनंदन. तटाआडचे माझे धनुर्धर तुमच्या साध्या घोडेस्वारांपुढे तीनदा कसे पडले, मला अजून कळलेलं नाही. माझं नशीब म्हणायचं.

शब्द दिला आहे, रविवारी, १७ तारखेला येते. बोदवडच्या लोकांना कळवा. हरल्यावर सांगते म्हणून रडगाणं समजू नका, पण मला इथे एकटीला बरं वाटतं. सकाळचं पहिलं लेक्चर, मग स्टाफरूमचा पांचट चहा, संध्याकाळी गच्चीवर मेथीच्या कुंड्या. यात काही कमी आहे असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटतं, हे मला माहीत आहे.

आईला नमस्कार. विजयी राजालाही.
किरण

अमळनेर, ता. ९ नोव्हेंबर

चि. किरण हिस,
अ. उ. आशीर्वाद.

रविवारी ये, पण बोदवडसाठी नको.

तुझं नशीब वाईट नव्हतं. माझा हल्ला फसला की मी फाइल न पाठवता बंद करायचो आणि पुन्हा उघडायचो, म्हणजे तोच हल्ला नव्याने करता यायचा. राजधानीसाठी सात वेळा उघडली. आईने पाहिलं आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. नोकरीत सातबाऱ्यावर एकही फेरफार खोटा केला नाही, आणि लेकीच्या डावात केला. तू ‘शब्द दिला आहे’ लिहिलंस, ते वाचल्यावर मला जेवण गेलं नाही. डाव तू जिंकलास. पाचव्या भागाबद्दलचं मत मी बदलणार नाही, ते वेगळं.

काल भुसावळला गाडी बदलून बोदवडला स्वतः गेलो. अशी गोष्ट फोनवर सांगू नये. चहा झाल्यावर सांगितलं की आमच्याकडून नकार आहे. तेजसला हायसं वाटलेलं दिसलं. त्याचे वडील मात्र गोंधळले. पत्रिका जुळते, नोकरी आहे, मग कारण काय, असं त्यांनी विचारलं. मुलगी नको म्हणते, असं मी सांगितलं.

ते म्हणाले, हे काय कारण झालं?

मी म्हणालो, आमच्या घरात झालं.

गच्चीवरची मेथी घेऊन ये. आई भाजी करेल.
आबा