ओळंब्यात आणलेली भिंत

तीर्थरूप बाबांना, दुरूनच पायांना हात लावतो.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, फक्त खांदे भरून येतात.

इथे एका दोनशे वर्षांच्या घराची डागडुजी चालू आहे. बैठकीची भिंत बोटभर कललेली होती. तुम्ही लावलेल्या सवयीने मी ओळंबा धरून चुन्याचा गिलावा सरळ केला. इंजिनीअर बाई म्हणाल्या, "मिस्त्री, काम छान आहे, पण काढा. घर होतं तसंच हवं." तीन दिवस खरवडतोय. वाकडं करायला हात वळत नाही.

आईचा गुडघा कसा आहे? तुमच्या हाताचा कंप?

परसातली तुमची शेवटची भिंत अशीच कलली, तेव्हा मी तुमच्या हातातून थापी काढून घेतली. घरी आल्यावर ती भिंत पाडणार होतो. आता ती आहे तशीच राहू द्या.

तुमचा,
थोरला