नागप्पाच्या बहिणीचं हृदय

३ मार्च १९७५, सोमवार

आज दवाखान्यात एक माणूस आला, त्याचं हृदय उजवीकडे आहे.

थट्टा नाही. होटगीचा नागप्पा. रेल्वेत गँगमनच्या भरतीला गेला होता. तिथल्या डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावला, पुन्हा लावला, मग एक्स-रे काढायला पाठवलं. तो फोटो घेऊन नागप्पा आमच्याकडे. "नोकरी देत न्हाईत बगा. म्हणत्यात तुझं सगळं उलटं हाय. आता मी काय सुलटं करून आणू का?"

आमचे डॉक्टर खूश. वीस वर्षांत असा पेशंट बघितला नाही म्हणे. मला आतून हाक मारली — "महिपती, ये, ऐक" — आणि नळी माझ्या कानात घातली. डावीकडे ठोके दबलेले, शेजारच्या घरात कुणीतरी कांडतंय असे. उजवीकडे सरकवली तर अगदी कानाशी, स्वच्छ. फोटो कसा धरायचा तेही शिकवलं. कोपऱ्यातलं अक्षर सरळ दिसलं पाहिजे, नाहीतर डावं-उजवं फसतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाचं असं? सख्ख्या भावंडांत सापडतं कधीकधी."

नागप्पाने माझ्याकडे बोट केलं. "एक भैण होती की, दाक्षायणी. हितंच बाळीवेशीत दिलेली. ह्यांनीच बगितलं तिला शेवटी."

मी बाटल्या पुसायला बाहेर आलो. पुसलेल्याच बाटल्या पुसत बसलो.

४ मार्च

लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

गेल्या वर्षी अठरा मे. शनिवार. डॉक्टर वैरागला लग्नाला गेलेले. दाक्षायणीचा नवरा सोमलिंग पळत आला — बायकोला दोन दिवस उलट्या-जुलाब, आता डोळे फिरवलेत, चला. मी म्हटलं, मी कंपौंडर आहे बाबा. म्हणाला, "तुमी तर या की." गेलो.

वय चोवीस. हात गार. मनगटाला नाडी लागली नाही. नळी लावली. डावीकडे, सगळ्यांना लावतात तिथेच. पुरतं एक मिनिट ऐकलं. काही नव्हतं. मी मान हलवली.

सासू काशम्मा उशाशी होती. रडत रडतच म्हणाली, "गेली का, नक्की सांगा. आखडायच्या आत बसवाय पायजे." त्यांच्यात, लिंगायतांत, माणूस आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात आणि तसंच बसलेलं खड्ड्यात ठेवतात. भोवती विभूती, बेलाची पानं, मग माती. अंग ताठलं तर मांडी घालता येत नाही, म्हणून ती घाई. त्यात कुणाचं काही वाईट नव्हतं. चारच्या आत सगळं उरकलं. मीही होतो. तिची मान सारखी पुढे पडत होती, ती कुणीतरी धरली होती.

संध्याकाळी डॉक्टर आले आणि माझ्या शब्दावर दाखला लिहून दिला.

मी डावीकडे ऐकलं. भावासारखं तिचंही उजवीकडे असलं तर?

५ मार्च

भात कालवताना एकदम मनात आलं, ती अजून बसलेलीच आहे.

ताट सरकवलं. बायको सारजा म्हणाली, मीठ जास्त झालं का? हो म्हटलं.

६ मार्च

डॉक्टरांना आडून विचारायला गेलो तर त्यांनी पुस्तकच काढलं. शिकवायला मिळालं की गडी पेशंट विसरतो. बाहेर सहा जण खोकत बसलेले.

हृदय दोन फुप्फुसांच्या मधे, छातीच्या हाडामागे असतं. आपण समजतो तसं पुरतं डावीकडे नाही — मधेच, फक्त टोक डावीकडे कललेलं. म्हणून ठोका तिथे लागतो. ज्याची त्याची मूठ असते साधारण तेवढंच ते. आत चार कप्पे. वापरलेलं रक्त उजवीकडे येतं, तिथून फुप्फुसात जातं, हवा घेऊन डावीकडे परत, आणि डावा खालचा कप्पा ते अंगभर ढकलतो. मिनिटाला बहात्तर वेळा. आईच्या पोटात सुरू होतं ते शेवटपर्यंत एक दिवस खाडा नाही. एवढी नोकरी कुणी केली नसेल.

मी म्हटलं, "मनगटाला नाडी नसली म्हणजे ते थांबलंच म्हणायचं ना?"

"छे रे. जुलाबात अंगातलं पाणी गेलं की जोर कमी पडतो, रक्त हातापायापर्यंत पोचत नाही. नाडी लागत नाही, हात गार. पण आत चालू असतं कितीदा. सलाईन लावलं की उठून बसतात लोक. नळी कशाला असते मग?"

उठून बसतात, असंच म्हणाले. त्यांना काय माहीत मला काय ऐकू आलं ते.

९ मार्च, रविवार

मटण आणायला गेलो आणि खाटकाकडून बकऱ्याचं हृदय वेगळं मागून घेतलं. मोरीत बसून ब्लेडने उभं चिरलं. उजवीकडची भिंत पातळ. डावीकडची माझ्या अंगठ्याएवढी जाड. आत पडदे, आणि ते उलटू नयेत म्हणून पांढरे दोरे, बारीक, शिवणाच्या दोऱ्यासारखे. मी एक ओढून बघितला, तुटेना.

सारजा मागे येऊन उभी राहिली. "त्याचं कालवण करायचंय का त्याची शाळा घ्यायचीय?"

मग तिला सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. ती ओल्या हातांनी तशीच खाली बसली. मग म्हणाली, "तुमी एकटंच का गेला हो? मिशनच्या दवाखान्यात टांग्यानं न्यायला सांगायचं की." दहा महिन्यांत मला हे एकदाही सुचलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ मार्च

आता येईल त्याला दोन्ही बाजूंनी नळी लावतो. कंपौंडरचं ते काम नव्हे. डॉक्टर म्हणाले, "महिपती, तू कधीपासून छात्या तपासायला लागलास?" एक म्हातारा मात्र खूश. म्हणे, "दोनी अंगानं बगितलं बगा, असं कुणी बगत न्हाई."

सगळ्यांचं डावीकडे. प्रत्येकाचं डावीकडे लागलं की वाटतं, तिचंही असणार. मग पुढचा येतो.

१३ मार्च

सोमलिंग आला होता, खोकल्याचं औषध न्यायला. उन्हाळ्यात दुसरं लग्न करतोय. मुलगी अक्कलकोटची. त्याला लाज वाटत होती सांगायला, मला ऐकायला.

जाताना पायरीवर थांबला. "एक बोलायचं होतं. त्या दिवशी डॉक्टर नव्हते, पण तुमी हुता. तुमी नीट बगितलं, तेवढं मनाला समाधान हाय. न्हाईतर लई वंगाळ वाटलं असतं."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच्या बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी उलटी चिकटवली, पुन्हा काढून लावली.

१५ मार्च

नागप्पा चिठ्ठी न्यायला आला. डॉक्टरांनी लिहून दिलंय — हृदय उजवीकडे असलं तरी रचना पूर्ण आहे, काम चोख आहे, आरशात दिसावं तसं सगळंच उलट, त्याने रुळावर काही अडत नाही.

चिठ्ठी घडी घालून देताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बहिणीची कधी तपासणी झाली होती का?

"झालती की. लग्नाच्या आधी. तिला खोकला हुता, तर सासरचे म्हणले टीबी न्हाई ना, फोटो काढून दाखवा. आमच्या अव्वानं ठिवलाय तो ट्रंकेत."

एवढे दिवस तो फोटो होटगीत आहे. गाडीने अर्धा तास.

१६ मार्च, रविवार

होटगीला गेलो. नागप्पाची आई चंद्रव्वा. "कूड्री, कूड्री" म्हणत बसायला घोंगडं टाकलं. मराठी तिला बेताची येते, मला कानडी तेवढीही नाही. पण फोटो म्हटल्यावर कळलं.

ट्रंकेतून इरकली लुगडं काढलं, त्याच्या घडीतून खाकी पाकीट. वर नाव, दाक्षायणी. फोटो बाहेर काढून आधी स्वतःच्या कपाळाला लावला. "दुसरा न्हाई तिचा फोटू. लग्नात काढला न्हाई. ह्यो येकच."

दारात जाऊन उजेडाला धरला. बरगड्या दिसल्या. मधली ती पांढरी सावली दिसली. आणि ती नागप्पाच्या फोटोत होती त्याच अंगाला होती.

चौकट धरून उभा राहिलो. आत चंद्रव्वा काहीतरी विचारत होती.

मग कोपऱ्यातलं अक्षर दिसलं. उलटं. मी फोटो पाठीकडून धरला होता. फिरवला. सावली पलीकडे गेली. पुन्हा फिरवला, पुन्हा बघितलं. तीन-चार वेळा तरी. हृदय डावीकडे होतं. बाकी जगासारखं डावीकडे.

मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडलो. चंद्रव्वाला वाटलं, तिच्या लेकीसाठी रडतोय. तिने गूळ-पाणी आणून दिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

१७ मार्च

फोटो मागून आणलाच होता. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा उतरला. दाखल्यावर सही त्यांची. फोटो खिडकीला लावून बघितला, पुष्कळ वेळ बघितला, मग खुर्चीत टेकले.

"डावीकडेच आहे. तू डावीकडे ऐकलंस. काही नव्हतं म्हणजे ती गेलेलीच होती. सुटलास महिपती. मीही सुटलो. आता हे डोक्यातून काढ."

चहा मागवला. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, विषय संपला. मी हो हो म्हणत होतो. चहा निम्माही गेला नाही.

१८ मार्च

या वहीत मी 'पुरतं एक मिनिट ऐकलं' असं लिहिलंय. खोटं आहे. दहा आकडेही मोजले नसतील.

दाक्षायणी आधी थंडी वाजते म्हणाली म्हणून मे महिन्यात तिच्या अंगावर चादर घातली होती, आपली सोलापुरी, दुहेरी घडीची. खोली माणसांनी भरलेली. नवरा समोर, सासू उशाशी. परक्या बाईच्या छातीवरची चादर मला सरकवता आली नाही. वरूनच टेकवली नळी.

आज दुपारी सारजाला निजवलं, अंगावर चादर दुहेरी घातली आणि वरून ऐकलं. पुरतं एक मिनिट, घड्याळ लावून.

काही ऐकू आलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.